कार्ल्याचे चैत्यगृह व्हीआरमध्ये उभे करताना : माझा अनुभव

एका संग्रहालयासाठी कार्ल्याच्या चैत्यगृहाचा, म्हणजे खडकात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहाचा, व्हीआर (हेडसेट लावून पाहायचे आभासी वास्तव) अनुभव तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा डोंगराच्या पायऱ्या ज्यांना चढवत नाहीत त्यांनाही ही वास्तू तिच्या खऱ्या आकारमानात अनुभवता यावी, एवढेच उद्दिष्ट आम्ही पक्के केले. पुरातत्त्व खात्याची परवानगी मिळाल्यावर, एकवीरेच्या दर्शनाची गर्दी वाढण्याआधी आम्ही फ्लॅश न वापरता छायाचित्रण केले. प्रत्येक छायाचित्राचा मोठा भाग शेजारच्या छायाचित्रातही यावा लागतो, कारण त्या सामाईक खुणांवरूनच संगणक त्रिमितीय प्रतिकृती जुळवतो.

सर्वाधिक कस लागला तो छताचा. सुमारे १४ मीटर उंचीवरच्या मूळ लाकडी कमानी आणि स्तूपावरची लाकडी छत्री आजही शाबूत आहेत, पण तिथे प्रकाश जेमतेम पोहोचतो. शिवाय तयार झालेल्या प्रतिकृतीचा पृष्ठभाग ज्या छोट्या त्रिकोणांनी बनतो, ते कोट्यवधी होते आणि हेडसेटला त्यातले काही लाखच पेलतात. म्हणून सपाट भिंतींचा तपशील कमी करून तो आम्ही कमानींना आणि स्तंभशीर्षांवरच्या हत्तींना दिला. हत्तीवर बसलेल्या जोडप्यांचे चेहरे ओळखू आलेच पाहिजेत, यावर मी अडून राहिलो.

प्रेक्षक ज्येष्ठ असल्याने गरगरणे टाळणे अत्यावश्यक होते. दृश्य सेकंदाला ७२ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) खाली घसरू दिले नाही. प्रेक्षकाला सरकवत न नेता, क्षणभर अंधार करून पुढच्या ठिकाणी उभे केले.

दालनात मंत्रघोष करणारे भिक्षू दाखवावेत, असाही आग्रह झाला. मी तो मान्य केला नाही, कारण जे आपण कल्पनेने भरतो ते पाहणाऱ्याला पुराव्याइतकेच खरे वाटू लागते. दर्शनी भागावर एके काळी असलेले लाकूडकाम मात्र दाखवले, कारण ते बसवण्याच्या खोबणी खडकात आहेत. तरीही ते पारदर्शक रेषांतच ठेवले. त्याउलट शिलालेख पूर्ण स्पष्ट आहेत : स्तंभाकडे हात केला की तो कोणी दान दिला हे मराठीत दिसते, त्यात धेनुकाकट या प्राचीन गावचे यवन, म्हणजे त्या काळी ग्रीक किंवा परदेशी म्हणून ओळखले जाणारे लोकही येतात. व्हरांड्यात वैजयंतीच्या (आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या) भूतपाल या श्रेष्ठींचा, म्हणजे व्यापाऱ्याचा, लेख आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात, म्हणजे भारतखंडात, सर्वोत्तम असल्याचे त्यात कोरलेले आहे. प्रेक्षकाने आत जाण्यापूर्वी तो वाचावा, अशी रचना आम्ही केली.