संपली की सांग

बुधवार, रात्र

डबा खाताना अस्मिता एका नव्या सिरीजबद्दल भरभरून सांगत होती. कालच आलीये, दोन भाग बघून झाले, काय जमलीये म्हणून सांगू. मी भाजी वाढून घेता घेता म्हणाले, "संपली की सांग." ती म्हणाली, "अगं, आठही भाग आलेत एकदम." तर मी, "तसं नाही. सगळी संपली की. शेवटच्या सीझनसकट."

ती हसली आणि विषय कोथिंबिरीच्या भावावर गेला. मला मात्र माझंच वाक्य दिवसभर टोचत राहिलं. असं कधीपासून बोलायला लागले मी? नवे सीझन आपल्याकडे भर दुपारी येतात म्हणून ऑफिसात पोटदुखीचं कारण सांगून अर्धी रजा टाकणारी मी. आता कुणी गोष्ट सांगायला बसलं की आधी विचारते, पूर्ण करणार आहात ना?

दुखणं जुनंच आहे. '१८९९' नावाची नेटफ्लिक्सवरची सिरीज. १७ नोव्हेंबर २०२२ ला आली आणि २ जानेवारीला तिचा दिग्दर्शक बारान बो ओडार यानं इन्स्टाग्रामवर सांगून टाकलं की पुढे काही नाही. दीड महिना. एवढ्यात आमच्याकडे लोणचंसुद्धा मुरत नाही. तीन सीझनची गोष्ट मनात धरून त्यांनी एकच सांगितली. आणि मी बिनघोर बसले होते, कारण 'डार्क' ही आधीची सिरीज याच लोकांची. तिच्यात तीन सीझनमध्ये एकेक गाठ सोडवून दाखवली होती. दादानं आणि मी वहीच्या मधल्या पानावर वंशावळ काढली होती तेव्हा, कोण कुणाची आई आणि कोण आपल्याच मुलीची मुलगी. ती वही कुठे गेली कोण जाणे.

'१८९९'मधल्या केर्बेरोस जहाजावर जो तो आपापल्या भाषेत बोलतो. पोलिश, डॅनिश, कँटोनीज. समोरच्याला कळत नाही तरी बोलतच राहतात, आणि कधी कधी कळतंही. मला ते इतकं आवडलं होतं की इंग्रजी डबिंग लावणाऱ्यांचा रागच यायचा. शेवटी नायिका माउरा जागी होते तर समुद्र नाही, जहाज नाही. अंतराळयान, साल २०९९. पडद्यावर तिच्या भावाचा निरोप. आठ भाग ती त्या भावाला शोधतेय, आणि तो येत नाही, निरोप येतो. बस. शेवट फोडला म्हणून कुणी रागावू नका, शेवट आहेच कुठे फोडायला.

मला राग त्या अर्धवटपणाचा आहे असं इतके दिवस वाटत होतं. आज बसमध्ये विचार करताना वाटलं, तो नाहीच. मोजण्याचा आहे. या कंपन्यांचा हिशोब आता सगळ्यांनाच थोडाफार पाठ झालाय. सुरू किती जणांनी केली यापेक्षा शेवटपर्यंत किती जण गेले, तेही पहिल्या महिन्याभरात, आणि समोर खर्चाचा आकडा. इथे तर बर्लिनजवळ बाबेल्सबर्गच्या स्टुडिओत एलईडी पडद्यांची प्रचंड भिंत उभारून तिच्यावर समुद्र केला होता. त्याच जानेवारीत नेटफ्लिक्सचे मोठे साहेब म्हणाले की यशस्वी मालिका आम्ही कधी बंद केलेलीच नाही, काहींचा प्रेक्षकवर्ग लहान असतो आणि बजेट मोठं.

म्हणजे मी लहान प्रेक्षक. बरं. पण मी शेवटपर्यंत बघितली ना! श्रेयनामावलीसुद्धा पळवली नाही. आणि निकाल कुणावरून लागला, तर मध्येच उठून गेलेल्यांवरून. जे थांबले त्यांचं भवितव्य जे निघून गेले त्यांनी ठरवलं. हे फक्त सिरीजच्या बाबतीत होतं असं नाही, पण तो विषय आज नको.

दादानंही तिसऱ्या भागानंतर सोडली होती. मला खूप नंतर कळलं. मी आपली दर रविवारी फोनवर तर्क ऐकवतेय आणि तो "हं, हं" करतोय. तिकडे गेल्यापासून त्याला वेळच... असो.

आणि आता 'संपली की बघू' म्हणणारे माझ्यासारखे वाढले, तर पहिल्या महिन्यात बघणार कोण? कुणी बघितलं नाही म्हणून ती बंद, आणि बंद झाली म्हणून बरं झालं बघितली नाही, असं आम्ही वर म्हणणार. 'सेन्स८' ही सिरीज बंद केली म्हणून तिच्या चाहत्यांनी २०१७ मध्ये आरडाओरडा केला तेव्हा त्यांना पुढच्या वर्षी अडीच तासांचा शेवट तरी मिळाला. आमच्या वाट्याला तेवढंही नाही. आम्ही ओरडलो नाही असंही नाही.

हे सगळं घरी आल्यावर आईला सांगितलं. तिनं शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं. "एवढंच ना," म्हणाली. २००१ ते २०१३ 'चार दिवस सासूचे' बघितलेली बाई ती, ३२०० भागांची. तिला मालिका कधी संपणार याची काळजी, मला कधी संपवतील याची. तिची रात्रीची आवडती मालिकाही मागच्या महिन्यात टीआरपी पडला म्हणून गुंडाळली. शेवटच्या आठवड्यात खलनायिकेनं पाय धरले, कोर्टाची केस मिटली, बाळ झालं, बारसंही झालं. "आमच्यात कसं," आई म्हणाली, "बंद करायचं ठरलं ना, की चार दिवसांत सगळ्यांना अक्कल येते." मला हसू आवरेना. आजवर त्या घाईच्या शेवटांची मी किती टिंगल केली असेल. पण निदान प्रेक्षकांना नमस्कार करून, दाराला कडी लावून जातात बिचारे.

मग मी उगाच आठवत बसले, कुठे कुठे अडकून पडलेय मी. 'सेक्रेड गेम्स'मध्ये २०१९ पासून इन्स्पेक्टर सरताज मुंबईतल्या बॉम्बसमोर बसून तो निकामी करायला शेवटची नक्षी काढतोय. बॉम्ब फुटला की नाही ते तिसरा सीझन न आल्यामुळे कळलंच नाही. पण मी मावशीकडे दादरला जाते-येते, मुंबई जागेवर आहे, लोकल नेहमीप्रमाणे उशिरा आहे. वाचली असावी.

मघाशी जेवणं झाल्यावर राहवलं नाही. दादाला मेसेज टाकला, "माउराचा भाऊ नक्की चांगला होता की वाईट, तुला काय वाटतं?"

लगेच उत्तर आलं. "कोण माउरा? ऑफिसमधली का?"

मी लिहिलं, "जाऊ दे. पहिल्यापासून बघ. आठच भाग आहेत."