तुम्ही विचारलंत म्हणून : फोटोत गॅप दिसतोय का?

विचारता तर सगळेच. कृष्णाकाठच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी तीस वर्षं एक्स-रे काढले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाड्यावर कुणीतरी मोबाइल पुढे करतंच. खिडकीकडे धरलेल्या मानेच्या एक्स-रेचा फोटो असतो, त्यात मागचे गज आणि पेरूचं झाडही आलेलं असतं. "ताई, गाडीवरनं पडला हो. फोटोत गॅप दिसतोय का?"

आधी त्या गॅपचंच बोलू. एक्स-रेत हाड पांढरं दिसतं. दोन मणक्यांमधली गादी दिसत नाही, तिच्या जागी काळपट पट्टी दिसते, आणि ती दिसायलाच हवी. वयाबरोबर गादी सुकते, पट्टी अरुंद होते, मग कुणीतरी घाईघाईत "गॅपचा प्रॉब्लेम आहे" म्हणतं आणि पेशंट घरी येऊन सांगतो, "मणक्यात गॅप आलाय." खरं तर गॅप गेलेला असतो. हे मी इतक्यांदा समजावलंय की आमच्या ह्यांना पाठ झालंय. तरी परवा स्वतःच्या कमरेबद्दल त्यांनी डॉक्टरांना हेच विचारलं.

मी डॉक्टर नाही. रिपोर्ट लिहिणं माझं काम नव्हतं, फोटो नीट यावा एवढंच माझं काम. पण मानेला मार लागलेला असतो तेव्हा फोटो नीट येण्यावरच पुष्कळ काही अडलेलं असतं.

मानेत मणके सात. आडव्या बाजूने काढलेल्या फोटोत सातही दिसले पाहिजेत, शिवाय त्याखालच्या पाठीच्या पहिल्या मणक्याची वरची कड. सांगायला सोपं आहे. खांदे मध्ये येतात ना! आमच्याकडे तालमीतले पैलवान आणि गुळाच्या ढेपा वाहणारे हमाल, त्यांची मान कुठे संपते नि खांदा कुठे सुरू होतो ते कळत नाही. पेशंटला उताणं ठेवायचं, मानेचा पट्टा काढायचा नाही, मान हलवायची नाही, आणि डॉक्टरांच्या देखत दोन्ही हात हळू पायांकडे ओढून धरायचे. तरी सातवा दिसला नाही तर एक हात डोक्यावर, एक खाली, पोहताना असतात तसे, ठेवून फोटो काढायचा.

एकदा उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला माणूस बाहेरून एक्स-रे काढून आला. पाकिटावर 'नॉर्मल' लिहिलेलं. चालत आला होता. तक्रार एकच, मान दुखतेय आणि उजव्या हाताचं मधलं बोट बधिर वाटतंय. आमच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली आणि पेन्सिलीच्या टोकाने मोजायला लागले. सहापाशी फिल्म संपली. सातव्यावर खांद्याची पांढरी सावली. आम्ही हात ओढून पुन्हा काढला, तर सहावा मणका सातव्यावर पाव हिश्श्याने पुढे सरकलेला. एका बाजूचा सांधा निसटला होता. मधल्या बोटाची नस तिथूनच निघते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्याला ॲम्ब्युलन्सने पुढे पाठवला. ॲम्ब्युलन्स निघाल्यावर माझेच हात थरथरायला लागले, कारण घाईच्या दिवसात मीही सहा मणक्यांचे फोटो दिलेले असणार.

म्हणून मला मोबाइल दाखवता तेव्हा मी काही बोलायच्या आधी गप्प दिसते ना, तेव्हा मी मोजत असते. तुम्हीही मोजा. पहिला मणका नुसतं कडं असतं, ते ओळखणं अवघड. दुसऱ्याला वर दातासारखा सुळका असतो, तिथून खाली यायचं.

मोजून झाल्यावर डॉक्टर बघतात त्या रेषा. मणक्यांच्या पुढच्या कडांची एक, मागच्या कडांची दुसरी, आणि त्यामागे मज्जारज्जूच्या नळीच्या मागच्या भिंतीची तिसरी. तिन्ही बैलगाडीच्या चाकोरीसारख्या सलग वळत गेल्या पाहिजेत. मध्येच पायरी आली की थांबायचं. मग मणक्यांच्या पुढची, घशामागची करडी सावली. मोठ्या माणसात तिसऱ्या मणक्यापाशी ती साधारण ७ मिलिमीटरच्या आत असावी, खाली सहाव्यापाशी २२पर्यंत चालते. त्याहून जाड असेल तर आत रक्त साचलंय का, हा प्रश्न येतो. लहान मूल रडत असलं की ही सावली उगाच फुगलेली दिसते. लहान मुलांचा दुसरा मणका तिसऱ्यावर जरा पुढे आल्यासारखा दिसतो, तोही पुष्कळदा त्यांच्या वयाचाच भाग असतो.

तोंड उघडून काढतात तो फोटो त्या सुळक्यासाठी. "आ करा" म्हटलं की म्हातारी माणसं कवळी काढायला विसरतात. पुढच्या दोन दातांमधली फट नेमकी सुळक्यावर पडली तर उभी चीर गेल्यासारखी दिसते. तीस वर्षांत घाबरवणारा गॅप मी पाहिला तो हा, आणि तो दातांचा होता.

रिपोर्टातल्या शब्दांनी तुम्ही उगाच घाबरता. 'मानेचा नैसर्गिक बाक कमी झालाय.' अहो, पट्टा घालून, फळीवर उताणं झोपवून, भीतीने आखडलेल्या माणसाचा फोटो काढल्यावर बाक कुठून दिसणार? नुसत्या त्या एका ओळीवरून दुखापत सिद्ध होत नाही. 'हाड वाढलंय' हेही कालच्या पडण्याने झालेलं नसतं, त्याला वर्षं लागतात.

आणि जिथे घाबरायला हवं तिथे 'फोटो चांगला आलाय' म्हणून निवांत बसता. मज्जारज्जू एक्स-रेत दिसत नाही. एक आजोबा न्हाणीघरात घसरले, कपाळ बादलीच्या कडेवर आपटलं, मान मागे गेली. फोटोत जुनी वाढलेली हाडं, बाकी काही नाही. चालत होते. पण भाकरीचा तुकडा मोडता येईना. आधीच अरुंद झालेल्या नळीत मज्जारज्जू चेमटला की असं होतं, पायांपेक्षा हातांची ताकद जास्त जाते. ते एमआरआयमध्ये दिसलं. चिमुकल्यांत तर हाड शाबूत आणि मज्जारज्जूला इजा, असंही होतं.

वैशाखात विहिरीत सूर मारणाऱ्या पोरांबद्दल मी फार सांगत नाही. पाणी खाली गेलेलं असतं आणि अंगावर सवय मागच्या महिन्याची असते. मित्र खांद्यावर टाकून आणतात. अशा एका मुलाच्या पाचव्या मणक्याचा फोटो मी काढला होता. तो फोटो वाचायला कुणाची गरज नव्हती.

आता मोठ्या रुग्णालयात मोठा मार असला की थेट सीटी करतात आणि ते बरोबरच आहे, साध्या एक्स-रेतून बरंच निसटतं. उलट किरकोळ पडलेल्या प्रत्येकाचा फोटो लागतोच असंही नाही. अमेरिकेत ३४,०६९ पेशंट तपासून २००० साली एक नियम छापला गेला, आमचे डॉक्टर तो बोटांवर मोजायचे : मानेच्या मागे मधोमध दाबल्यावर दुखत नाही, माणूस पूर्ण शुद्धीत आहे, प्यायलेला नाही, हातापायांत कमजोरी किंवा बधिरपणा नाही, आणि मानेचं दुखणं विसरायला लावील अशी दुसरी मोठी जखम नाही. पाचही जमलं तर फोटो नको. तरी "ताई, मनाच्या समाधानासाठी काढाच" म्हणणाऱ्यांचे मी किती काढले, त्याला गणती नाही.

गेल्या आठवड्यात गल्लीतले नाना गाडीवरून घसरले. सीटी झालं होतं, डॉक्टरांनी फ्रॅक्चर नाही म्हणून सांगितलं होतं, तरी रात्री साडेनऊला त्यांनी एक्स-रेचा फोटो पाठवून व्हिडिओ कॉल लावला. मी म्हटलं, "नाना, फोन सुनेकडे द्या आणि शर्टाचं वरचं बटण लावून दाखवा." लावलं. "आता दुसऱ्या हाताने कप धरा." धरला, वर फुर्रकन एक घोटही घेतला. मुंग्या? नाही. चालताना पाय अडखळतो? नाही. म्हटलं, "डॉक्टरांनी बोलावलंय त्या दिवशी जाऊन या, आणि हात जड वाटला तर त्या दिवसाची वाट बघू नका."

"बरं," नाना म्हणाले, "म्हणजे गॅप नाही ना?"