सर्व्हरच्या आधी अर्थिंग : आमची वाटचाल

सांगलीत 2004 साली आम्ही दोघा भावांनी संगणक दुरुस्ती आणि नेटवर्क जोडणीचे काम सुरू केले. मी संगणकाचे शिक्षण घेतले होते आणि दादांनी आयटीआयमधून वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. त्यानंतरची काही वर्षे भारनियमनाची होती, त्यामुळे संगणकांपेक्षा यूपीएस आणि इन्व्हर्टरच्या कामांवरच आमचा खर्च भागत असे. दादांचे ते वीजज्ञान पुढे आमच्या मुख्य व्यवसायाचा पाया ठरेल, याची तेव्हा आम्हाला कल्पना नव्हती.

विंडोज एक्सपी या संगणक प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार 8 एप्रिल 2014 रोजी संपणार होता. त्या आधीच्या हिवाळ्यात एका पतसंस्थेने मुख्य कार्यालयातील 32 जुने संगणक बदलण्याचे काम आमच्याकडे दिले. प्रत्येक टेबलावर नवा संगणक ठेवण्याऐवजी सर्व 32 डेस्कटॉप एकाच सर्व्हरवर चालवावेत आणि टेबलावर फक्त मॉनिटर, कळफलक आणि छोटा थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हरवरचा डेस्कटॉप फक्त दाखवणारी पेटी, असावा, असे आम्ही सुचवले. पाच जणांना बसवून चाचणी घेतली, तेव्हा सर्व काही सुरळीत चालले. सोमवारी सकाळी दहा वाजता मात्र बत्तीसही जणांनी एकदम यंत्रे सुरू केली आणि लॉगिन व्हायला बारा-बारा मिनिटे लागू लागली, तेही काउंटरसमोर खातेदारांची रांग उभी असताना.

आम्ही मेमरी आणि प्रोसेसर यांचा हिशेब केला होता, पण डिस्कचा केला नव्हता. मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या सहा डिस्क आम्ही रेड-5 पद्धतीने, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकेल अशा रीतीने, बसवल्या होत्या. अशी एक डिस्क सेकंदाला साधारण 130 वाचन-लेखन क्रिया करते, म्हणजे सहांच्या मिळून 780 झाल्या. परंतु रेड-5 मध्ये एका लेखनासाठी डिस्कवर चार क्रिया कराव्या लागतात आणि व्हर्च्युअल म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या डेस्कटॉपच्या कामात लेखनच जास्त असते. लेखनाचे प्रमाण पाऊण धरले, तर हातात जेमतेम 240 क्रिया उरतात. साधे कार्यालयीन काम करणाऱ्या माणसाला सुमारे दहा लागतात, म्हणजे बत्तीस जणांना 320. सकाळचा ओघ सोडाच, भर दुपारीही ती यंत्रणा अपुरीच पडणार होती. आम्ही स्वखर्चाने एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्क, बसवल्या, सर्व डेस्कटॉप सव्वानऊपासून गटागटाने आधीच सुरू होतील अशी व्यवस्था केली आणि अँटीव्हायरसच्या तपासणीच्या वेळा वेगवेगळ्या ठेवल्या. त्या वर्षी नफा झाला नाही. पतसंस्था मात्र आजही आमची ग्राहक आहे आणि याचे मला फार समाधान वाटते.

पुढच्या कामात डिस्क पुरेशा होत्या, पण थिन क्लायंट अधूनमधून गोठत आणि दर महिन्याला स्विचचा, म्हणजे नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणाऱ्या यंत्राचा, एखादा पोर्ट निकामी होई. मी आठवडाभर सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत राहिलो. दादांनी येऊन मल्टिमीटर लावला, तेव्हा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ (जमिनीशी जोडलेली सुरक्षेची तार) यांच्यात 14 व्होल्टचा फरक निघाला. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता आणि त्यातील पट्टी गंजून तुटण्याच्या बेतात होती. नवा खड्डा घेतल्यावर तोच फरक दोन व्होल्टच्या आत आला आणि तक्रारी थांबल्या. तेव्हापासून आम्ही एक नियम केला, की अर्थिंगचे मोजमाप झाल्याशिवाय सर्व्हरचे दरपत्रक द्यायचे नाही. यामुळे काही ग्राहक नाराज होऊन दुसरीकडे गेले, तरीही हा नियम आम्ही सोडलेला नाही.

ग्राहकांना आम्ही एक गोष्ट वारंवार समजावून सांगतो. पूर्वी एक संगणक बिघडला तर एका माणसाचे काम थांबत असे, आता मधला एक स्विच बंद पडला तर सगळा मजला थांबतो. एका ठिकाणी सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय होते, दोन्ही वेगवेगळ्या यूपीएसवर जोडलेले होते आणि जनित्रही होते. तरीही वीज गेली की दुसऱ्या मजल्यावरचे सर्व पडदे काळे होत, कारण बोळात टांगलेला चोवीस पोर्टचा स्विच भिंतीवरच्या साध्या सॉकेटवर चालत होता. थिन क्लायंट दहा-पंधरा वॅटवर चालतो, त्यामुळे टेबलांना यूपीएस देणे फारसे महागात जात नाही, पण त्या स्विचचा विसर जवळपास प्रत्येक इमारतीत पडलेला आम्ही पाहिला आहे. वीज परतल्यावर आपले पत्र ज्या अक्षरावर थांबले होते तिथूनच पुढे सुरू होते, हे ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी पहिल्यांदा पाहिले की या पद्धतीबद्दलची त्यांची भीती जाते.

केबलच्या बाबतीत बाजारात फसवणूक फार आहे. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार कॅट-6 या दर्जाची नेटवर्क केबल म्हणून विकली जाते. पेटी हाताला हलकी लागते आणि तार चाकूने खरवडली की आतून पांढरी दिसते. अशा तारेवर पीओईने, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच, वीज पाठवली की ती तापते आणि वाकवली की तुटते. आम्ही प्रत्येक पेटी खरवडून पाहतो, भिंतीतील कायमची जोडणी 90 मीटरच्या आत ठेवतो आणि प्रत्येक पोर्टचा चाचणी अहवाल ग्राहकाला देतो.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांच्या वर गेले. नदीपासून जवळ असलेल्या आमच्या एका ग्राहकाचा सर्व्हर पहिल्या मजल्यावर सुरक्षित राहिला, पण 42 अँपिअर-अवर क्षमतेच्या सोळा बॅटऱ्या वजनामुळे तळमजल्यावर ठेवलेल्या होत्या आणि वीजवाटपाचा मुख्य डीबीही (डिस्ट्रिब्यूशन बोर्ड) तिथेच होता. सगळे पाण्याखाली गेले. सव्वादोनशे किलोंच्या आसपासचा तो भार वर नेता येईल का, हे आम्ही अभियंत्याला विचारायला हवे होते आणि आम्ही ते विचारले नाही. आता नदीकाठच्या प्रत्येक कामात बॅटऱ्यांची जागा सर्व्हरच्या आधी ठरते. तशा सोळा बॅटऱ्या कागदावर आठ हजार वॅट-तासांच्या असल्या, तरी तीन किलोवॅट भारावर नव्या असताना दीड तासाच्या आसपासच चालतात आणि खोली 25 ऐवजी 35 अंशांवर राहिली तर त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते, हेही आम्ही ग्राहकाला लेखी देतो.

टाळेबंदीच्या काळात घरून काम करण्यासाठी अनेकांचे फोन आले. ज्यांचे डेस्कटॉप आधीच सर्व्हरवर होते, त्यांना आम्ही दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या घेऊन आणि सुरक्षित गेटवे (बाहेरून येणाऱ्यांची ओळख तपासणारे प्रवेशद्वार) बसवून काही दिवसांत घरून काम करायला मोकळे केले. रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून संगणक वापरण्याचा, पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवण्याची मागणी मात्र आम्ही प्रत्येक वेळी नाकारली.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि आमच्याकडे पुन्हा चौकशा वाढल्या. विंडोज 11 न चालणारे जुने संगणक टाकून देण्यापेक्षा त्यांवर हलकी लिनक्स प्रणाली घालून त्यांनाच थिन क्लायंट करावे, असे आम्ही सुचवतो. दादा आता साठीकडे झुकले आहेत आणि आमच्याकडील मुलांना अर्थिंग मोजायला तेच शिकवतात. सध्या एका सूतगिरणीत 60 जणांसाठी काम सुरू आहे. तिथे अर्थिंगचे दोन नवे खड्डे झाले आहेत, केबल ओढून तपासून झाली आहे आणि बॅटऱ्यांचा लोखंडी मांडव पहिल्या मजल्यावर उभा राहतो आहे. सर्व्हर अजून खोक्यातच आहे.