पूर्णविरामापर्यंत

"आई, तुझ्याशी बोलताना ना, मला..."

"कंटाळा येतो?"

"वाक्य पूर्ण करता येत नाही, असं म्हणणार होते."

एवढं बोलून लेक आपल्या खोलीत निघून गेली. मला रागवायलाही जागा ठेवली नाही तिनं. आरोप आणि पुरावा एकाच दमात सादर झाला होता, आणि पुरावा मीच तिच्या हातात दिला होता.

दुसऱ्याच्या बोलण्यात मध्येच तोंड घालायची खोड मला लहानपणापासूनची. पण इतकी वर्षं मी तिला खोड मानतच नव्हते. मला तो माझा चटपटीतपणा वाटायचा. समोरच्याला काय म्हणायचंय ते मला त्याच्या आधी कळतं, म्हणून मी त्याचे श्रम वाचवते. उपकारच की! शिवाय 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण हाताशी होतीच. आळशी माणसांची आपल्या भाषेनं फार चांगली सोय करून ठेवली आहे. तरीही त्या रात्री मी ठरवलं, उद्यापासून समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

ठरवायला काय लागतं? सकाळी नवऱ्यानं "माझा चष्मा कुठे..." म्हणायला आणि मी "टेबलावर" म्हणायला एकच गाठ पडली. दिवस उजाडून अर्धा तास झाला नव्हता.

नुसता निश्चय असा कापरासारखा उडून जातो, हे मानसशास्त्रज्ञांनाही ठाऊक आहे. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये त्यावर एक साधा तोडगा मांडला होता. 'मी अमुक करीन' एवढ्यावर थांबायचं नाही, 'तमुक घडलं की मी अमुक करीन' अशी गाठ आधीच मारून ठेवायची. म्हणजे ऐन वेळी विचार करावा लागत नाही, घडणारी गोष्टच आठवण करून देते. मी गाठ मारली: समोरचा बोलायला लागला, की जिभेचं टोक टाळूला लावून ठेवायचं. जीभ अशी अडकलेली असली की शब्द फुटत नाही, आणि बाहेरून कुणाला काही दिसत नाही.

दिसत नाही हा माझा समज. तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीनं हळूच विचारलं, "दाढ दुखतेय का गं?"

फोनवर तर आणखी पंचाईत. मावशीचं वाक्य संपल्यावर मी मनात 'एक, दोन' मोजायचे आणि मगच बोलायचे. तेवढ्या वेळात मावशी "हॅलो? हॅलो? अगं, आहेस ना?" करून मोकळी. दोनदा तर तिनं रेंज गेली म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा लावला. शेवटी म्हणाली, "काय झालंय तुला? माझ्यावर चिडली आहेस का?" आयुष्यभर तिला मध्येच तोडत आले तेव्हा तिला कधी राग आला नव्हता. आता तिचं सगळं निमूट ऐकून घेतेय तर तिला वाटतं, मी रुसले आहे.

पुढे कळलं की मावशीचं काही चुकलं नव्हतं. बोलण्यातला थांबा कान फार बारकाईनं मोजतो. २००९ मध्ये दहा भाषांतल्या गप्पांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, ते त्यात मोजलं होतं. सरासरी निघाली साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. जपानी बोलणारे सगळ्यांत चपळ, डॅनिश बोलणारे सगळ्यांत निवांत, पण तेही सरासरीनं अर्ध्या सेकंदाच्या आतच. मावशीसाठी माझे 'एक, दोन' म्हणजे एक युगच होतं.

खरी मजा पुढे आहे. समोर एखाद्या वस्तूचं चित्र धरलं आणि तिचं नाव सांगायला सांगितलं, तर तेवढा एक शब्द तोंडाबाहेर यायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मध्ये अख्खं उत्तर कसं सुरू होतं? तर समोरच्याचं बोलणं चालू असतानाच ऐकणाऱ्याच्या डोक्यात उत्तराची जुळवाजुळव सुरू झालेली असते. सगळ्यांच्याच. शांत, समंजस, 'किती छान ऐकून घेते' म्हणून जिचं कौतुक होतं तिच्यासुद्धा. हे वाचून मला केवढं हायसं वाटलं! फरक एवढाच, की इतरांचं उत्तर आत उकळत राहतं आणि माझं उतू जातं.

हायसं वाटलं म्हणून सराव सुटला नाही. कॅलेंडरवर खुणा करायला लागले. किती दिवस करायच्या? २१ दिवसांत सवय लागते, असं जो तो सांगतो. त्या २१ चा माग काढला तर तो एका प्लास्टिक सर्जनपाशी जाऊन पोचतो. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९६० मध्ये लिहून ठेवलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातलं 'किमान' वाटेत गळालं आणि नवं नाकही गळालं. उरले नुसते २१ दिवस. नवीन नाकाला सरावायचं तर आरशात बघत राहिलं की झालं. मला जीभ आवरायची होती.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी गोष्ट निवडायला सांगून १२ आठवडे त्यांची नोंद ठेवली होती. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. पण कुणाचं १८ दिवसांत भागलं, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. मी कोणत्या टोकाला असणार, याबद्दल घरात दुमत नव्हतं. त्या अभ्यासातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट अशी, की मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. माझ्या कॅलेंडरला या वाक्यानं फार आधार दिला.

भाषेचंही गंमतशीर आहे. ठेच लागते, ठसका लागतो, वेड लागतं, तशीच सवय 'लागते'. कधी ती व्याधीसारखी 'जडते'. कर्ता आपण नसतोच कुठे. चांगली असेल तर मात्र ती 'लावून घ्यावी' लागते, तिथे सगळी जबाबदारी आपल्यावर. आणि एवढं सगळं करून ती एकदाची 'अंगवळणी पडते'. हा शब्द मी शंभर वेळा वापरला असेल, पण त्यातलं वळण आत्ता दिसलं. पाण्याला उतार मिळावा तसं अंगाला वळण मिळतं आणि मग ढकलावं लागत नाही.

माझी जीभ वळणावर येत होती, तेव्हा घरात एक निराळंच लक्षात यायला लागलं.

नवरा बोलता बोलता थांबायचा. "अगं, ते आपलं त्या दिवशी..." म्हणायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी टाळूला जीभ लावून बसलेली. तो बघतोय, मी बघतेय. हळूहळू उमगलं, की लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी या माणसाची वाक्यं अर्धीच आहेत, कारण उरलेली अर्धी माझ्याकडे असायची. वाक्याची सुरुवात त्याची, शेवट माझा, अशी वाटणीच झाली होती. आता मी माझा वाटा उचलेना, आणि त्याला तर शेवट करायची सवयच राहिली नव्हती. एखाद्या क्रियापदासाठी तो इतका चाचपडायचा, की मला त्याची दया यायची आणि जीभ सुटायला बघायची. सराव मी एकटीनं सुरू केला होता, तो करावा मात्र दोघांना लागत होता.

तिसऱ्या महिन्यात कधीतरी कॅलेंडरवर खुणा करायचं राहून गेलं. मुद्दाम गप्प बसावं लागेनासं झालं. जीभ टाळूला आपली आपण जायची. मी खूश होते. आणि एका संध्याकाळी लेक काहीतरी सांगताना मध्येच थांबली.

"आई, तू गप्प आहेस. पण ऐकत नाहीयेस."

खरंच ऐकत नव्हते. दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी मनात चालली होती. आधी मी निदान ऐकत तरी होते. ऐकल्याशिवाय दुसऱ्याचं वाक्य पुरं कसं करणार? पहिल्या महिन्यात तर कान टवकारून ऐकायचे, वाक्य नेमकं कुठे संपतंय ते पकडायला. आता गप्प बसणं जमलं होतं आणि कान सुट्टीवर गेले होते.

मला स्वीडन आठवलं. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता त्या देशानं रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. सगळ्या देशानं एकदम. लोक गोंधळतील, गाड्या एकमेकींवर आदळतील अशी धास्ती होती. पण सुरुवातीला अपघात उलट कमीच झाले, कारण जो तो जपून, डोळे उघडे ठेवून चालवत होता. दोनेक वर्षांत उजवी बाजू अंगवळणी पडली आणि अपघात पुन्हा पूर्वीइतके झाले. मीही सध्या उजवीकडून बिनधास्त चालले होते.

जिभेची गाठ सुटी करून मी कानाशी नवी गाठ मारली: समोरचा बोलायला लागला, की आपल्या डोक्यात त्याच्या वाक्याचा जो शेवट तयार होतो तो बाजूला ठेवायचा आणि खरा शेवट काय निघतो ते बघायचं. हे थोडं पैज लावल्यासारखं आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, माझे अंदाज दहातले नऊ बरोबर येतात. कसे येणार नाहीत? शेवट मीच करत होते, आणि समोरचा 'हो, तेच' म्हणून वाद टाळत होता. आता मोजायला लागल्यावर हिशोब बराच खाली आला आहे. किती, ते सांगत नाही.

परवा रात्री दिवा घालवल्यावर नवरा म्हणाला, "मला वाटतं, मी आता..."

माझ्याकडे तीन शेवट तयार होते. नोकरी सोडावी. गुडघा दाखवून घ्यावा. झोपावं. मी तिन्ही बाजूला ठेवून अंधारात पडून राहिले. बराच वेळ गेला. एवढ्या वेळात मावशीनं दोनदा फोन ठेवला असता.

"...पोहायला शिकावं."

५८ वर्षांचा हा माणूस. गुडघाभर पाण्यात उतरला तरी काठ धरून उभा राहतो. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. कुशीवर वळून तो श्वास घेत होता. त्याला अजून बोलायचं होतं.