गुडघा कुणाच्या लक्षात राहतो? जुन्या रेसलिंग लढती बघताना

प्रो-रेसलिंगचा निकाल आधीच ठरलेला असतो, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. तरी १९८७ ते १९९७ या दहा वर्षांतल्या काही लढती पुन्हा पुन्हा बघाव्याशा वाटतात. काहींमध्ये उड्या जास्त, आपटाआपटी दुप्पट, पण त्या एकदा बघितल्या की संपल्या. माझी कसोटी साधी आहे. दहाव्या मिनिटाला मार बसलेला गुडघा विसाव्या मिनिटाला दोघांच्याही लक्षात आहे का? ज्याला लागलं त्याच्या, आणि ज्याने मारलं त्याच्याही. या एका प्रश्नावर नावाजलेल्या कितीतरी लढती घसरतात, आणि काहींचं मोल अचानक वाढतं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ही मंडळी केबलवरून आणि ट्रम्प कार्डांवरून घरात शिरली. कार्डावर उंची, वजन, छाती, बायसेप्स असे आकडे असत आणि वर्गात त्यावरून हाणामारी होई. त्या आकड्यांत खाली राहणारे ब्रेट हार्ट आणि रिकी स्टीमबोट लढती रचण्यात मात्र बहुतेकांच्या वर होते, आणि ते कार्डावर कुठे छापणार?

लढत बघायला बसताना आधी बाजू बघून ठेवायची. अमेरिकी पद्धतीत जवळजवळ सगळं डाव्या बाजूने चालतं. हेडलॉक डाव्या हाताने, पिरगाळायचा तो डावा हात, लाथा बसतात त्या डाव्या पायावर. मेक्सिकोत उलट, उजव्या बाजूने. कारण अगदी व्यवहारी आहे. आज या गावात, उद्या त्या गावात, अनेकदा अनोळखी माणसाबरोबर लढायचं, तर कुणी कुठल्या बाजूने जायचं हे पक्कं असलेलं बरं. नाहीतर नको तिथे टक्कर होते आणि खरंच लागतं. बघणाऱ्यासाठी याचा फायदा असा की चूक पटकन पकडता येते. डावा पाय धरून विव्हळणारा गडी पाच मिनिटांनी उजव्या पायाने लंगडू लागला, की तो विसरला आहे. मारणाऱ्याने मध्येच पाय सोडून मानेवर मोर्चा वळवला आणि त्यामागे काही कारण दिसलं नाही, तर तोही विसरला आहे.

आता नॅशव्हिल. ७ मे १९८९, रेसलवॉर, रिक फ्लेअर विरुद्ध रिकी स्टीमबोट, एनडब्ल्यूए या कुस्ती संघटनेचा जागतिक किताब. त्या वर्षी या दोघांच्या तीन मोठ्या लढती झाल्या. २० फेब्रुवारीला शिकागोत स्टीमबोटने किताब घेतला. २ एप्रिलला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये तीनपैकी दोनदा हरवेल तो जिंकला अशी लढत झाली, ती जवळजवळ ५५ मिनिटं चालली. त्याच दिवशी तिकडे अटलांटिक सिटीत प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूडब्ल्यूएफचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, पाचवी रेसलमेनिया होती, म्हणजे तिचे प्रेक्षक मुद्दाम खेचण्याचा हा खेळ होता. तिसरी लढत नॅशव्हिलची. लढतींना तारे देणारा कुस्ती-पत्रकार डेव्ह मेल्ट्झर याने तिन्हींना पाच-पाच तारे दिले आहेत, आणि चाहत्यांची पसंती बहुधा न्यू ऑर्लिन्सकडे झुकते. माझी नाही. ५५ मिनिटांत दमसास दिसतो, जिद्द दिसते, पण शेवट वादावर ठेवलेला आहे. स्टीमबोटने मागून दोन्ही हात अडकवून चिकनविंग लावला, दोघेही मागे कोसळले, स्टीमबोटने एक खांदा उचलला, फ्लेअरचे खांदे टेकलेलेच राहिले आणि पंचाने तीन मोजले, म्हणजे पिन, लढत संपली. फ्लेअरचा पाय दोराखाली होता, तो पंचाला दिसला नाही. पुढची लढत लावायला ही सोय उत्तम आहे. पण आधीच्या पाऊण तासात शरीराची जी झीज झाली, तिच्यातून हा शेवट निघत नाही.

नॅशव्हिलमध्ये तो निघतो. लढत सुमारे ३२ मिनिटांची. वेळ संपून बरोबरी झाली तर निकाल द्यायला रिंगबाहेर तीन परीक्षक बसवलेले: लू थेझ, पॅट ओकॉनर आणि टेरी फंक, तिघेही जुने जागतिक विजेते. पहिला बराच वेळ स्टीमबोट फ्लेअरच्या हातामागे लागलेला असतो. आर्म ड्रॅग, म्हणजे हात ओढून आपटणं, मग तोच हात धरून जमिनीला खिळवून ठेवणं. फ्लेअर सुटतो, छातीवर उघड्या पंजाचा चॉप हाणतो, उलट चॉप खातो, आणि पुन्हा हात अडकतो. घाई असलेला प्रेक्षक हा भाग पुढे ढकलतो. तसं करू नका, कारण इथे फ्लेअरकडे तोडगा नाही हे आपल्या मनावर ठसवलं जातंय. तोडगा त्याला अपघाताने सापडतो. वरच्या दोरावर चढलेला स्टीमबोट तोल जाऊन बाहेर, खाली पडतो आणि गुडघा धरून बसतो.

इथून फ्लेअर बदलतो. मघापर्यंत वाट सापडेल तिकडे धावणारा माणूस एकाच पायाशी चिकटतो, कारण त्याचा हुकमी डाव फिगर फोर हा पायाचाच. उताण्या पडलेल्या गड्याचा एक पाय उचलायचा, स्वतःभोवती गिरकी घेत तो त्याच्याच दुसऱ्या पायावर आडवा टाकायचा, मग आपला पाय वरून अडकवून मागे बसायचं. ताण गुडघ्यावर आणि नडगीवर येतो. शिवाय उताणा पडलेला गडी वेदनेने मागे टेकला, तर खांदे जमिनीला लागतात आणि पंच मोजू लागतो. म्हणून स्टीमबोट एकाच वेळी दोन गोष्टींशी झगडताना दिसतो: पाय सोडवायचा आणि खांदा वर ठेवायचा. या पट्ट्यात त्याचा चेहरा बघण्यापेक्षा हात बघा. एक हात मांडीवर, दुसरा दोराकडे.

आणि शेवट. दोर धरून सुटलेला स्टीमबोट पुन्हा जोर करतो आणि फ्लेअरला बॉडीस्लॅमसाठी उचलतो. या डावात शंभर किलोंच्या वरचं वजन छातीशी घेऊन क्षणभर दोन्ही गुडघ्यांवर उभं राहावं लागतं. एक गुडघा दगा देतो. फ्लेअर त्या कोसळण्यातच त्याला स्मॉल पॅकेजमध्ये गुंडाळतो: एका हाताने मान, पायाने पाय अडकवलेला, दोघांची मोळी होऊन स्टीमबोट पाठीवर. तीन. किताब फ्लेअरकडे. स्टीमबोटचं चुकलं काय? काहीच नाही. ज्या डावाने तो एरवी सहज उचलतो तो डाव त्याने लावला, आणि मघाच्या पडण्याने वसुली केली.

याच डावाची दुसरी बाजू दोन वर्षं आधीची आहे. २९ मार्च १९८७, पाँटिॲक सिल्व्हरडोम, तिसरी रेसलमेनिया, रँडी सॅव्हेज विरुद्ध हाच स्टीमबोट, इंटरकॉन्टिनेंटल किताबासाठी. जाहीर केलेली गर्दी ९३,१७३. तो आकडा फुगवलेला असल्याचा वाद अजून चालू आहे. लढत साडेचौदा मिनिटांची. सॅव्हेज लढतीतला एकेक डाव आधी लिहून, पाठ करून रिंगमध्ये उतरणारा गडी होता आणि ते इथे दिसतं. पिनचा प्रयत्न, दोनवर सुटका, पुन्हा प्रयत्न, पुन्हा दोन, असं पंधरा-वीस वेळा. त्या काळात डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये एवढ्या वेगाने कुणी लढत नव्हतं. शेवटी पंच पडलेला, सॅव्हेज लोखंडी घंटा घेऊन वर चढलेला, स्टीमबोटच्या बाजूने उभा असलेला जॉर्ज स्टील त्याला खाली पाडतो. सॅव्हेज तरी उठून स्टीमबोटला स्लॅमसाठी उचलतो, आणि स्टीमबोट त्याला स्मॉल पॅकेजमध्ये घेतो. म्हणजे ज्या उचलण्यातून स्टीमबोटने १९८७ मध्ये किताब मिळवला, त्याच उचलण्यात १९८९ मध्ये घालवला. दोन्ही शेवट पाठोपाठ लावून बघा.

लढत गाजली ती रास्तच. पण माझ्या कसोटीवर ती नॅशव्हिलच्या खाली येते. तिचं मूळ भांडण गळ्याचं होतं. १९८६ च्या नोव्हेंबरात सॅव्हेजने घंटेनेच स्टीमबोटचा गळा चेचला होता, आणि तो बरेच दिवस बोलू शकत नाही असं दाखवलं होतं. सुरुवातीला त्याची परतफेड येते. स्टीमबोट सॅव्हेजला दोन्ही हातांनी गळा धरून उचलतो तो क्षण फार नेमका आहे. सॅव्हेजही अधूनमधून गळ्याकडे वळतो. पण मधल्या धावपळीत गळा हरवतो. पिनवर पिन चालू असताना श्वास कुणाचाच अडकत नाही. घंटा परत आणली म्हणून गोष्ट जुळल्यासारखी वाटते, इतकंच. मैदान प्रचंड मोठं, वर बसलेल्यांना मुठीएवढे गडी दिसणार. तिथे वेगच पोचतो, बारीक लंगडणं पोचत नाही, हे मान्य करूनही.

ब्रेट आणि ओवेन हार्ट, २० मार्च १९९४, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. दहाव्या रेसलमेनियाची ही पहिलीच लढत, वीस मिनिटांची. सख्खे भाऊ, जानेवारीत ब्रेटचा गुडघा दुखावलेला असताना ओवेनने त्याच पायावर लाथ घातली होती. त्यामुळे इथे प्रेक्षकाला गुडघा आधीच माहीत आहे आणि तो कधी येतो याची वाट बघायची आहे. दोघे बराच वेळ येऊच देत नाहीत. ब्रेट भावाला मारायला कचरतो, ओवेन प्रत्येक सुटकेनंतर हात वर करून मिरवतो. मग ब्रेट दोरावरून बाहेर उडी टाकतो आणि गुडघा जातो. ओवेन त्यावर तुटून पडतो, शार्पशूटर ही पालथं पाडून कंबर पिळायची पकड लावू बघतो, ब्रेट तो उलटवून स्वतःचा लावतो. शेवटी ब्रेट खांद्यावर चढून व्हिक्टरी रोल टाकायला, म्हणजे पुढे गडगडत पिन करायला जातो, ओवेन तिथल्या तिथे बसतो आणि पाय धरून ठेवतो. भाऊ जिंकला. गुडघ्याचं काम मात्र इथे संपत नाही. त्याच रात्री शेवटच्या लढतीत ब्रेट योकोझुनासमोर येतो तो लंगडतच. तीन तासांच्या कार्यक्रमात पहिल्या लढतीतली जखम शेवटच्या लढतीपर्यंत सांभाळणं हे आजही क्वचितच दिसतं.

त्याच रात्री रेझर रॅमन आणि शॉन मायकल्स यांची शिडीची लढत झाली. तिला ही कसोटी लावण्यात अर्थ नाही. तिथे शिडी कशी आणि कुठे पडते हाच विषय आहे.

ब्रेट आणि स्टीव्ह ऑस्टिन, २३ मार्च १९९७, शिकागोजवळचं रोझमाँट होरायझन, तेरावी रेसलमेनिया. हार मान्य करायला लावली तरच विजय, पंच केन शॅमरॉक, वेळ २२ मिनिटं. नियमच असा की पिनला किंमत नाही. मग ब्रेटने पायावर जाणं ओघाने आलंच: रिंगच्या खांबाभोवती पाय अडकवून लावलेला फिगर फोर, मग खुर्चीत घोटा अडकवून वरून उडी मारायचा प्रयत्न. तो प्रयत्न फसतो, कारण ऑस्टिन उठून त्याच खुर्चीने ब्रेटला हाणतो. बाहेर ऑस्टिनचं कपाळ फुटतं. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये त्या काळी रक्ताला मनाई होती. दोघांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर केलं, हे दोघांनीही पुढे सांगितलं आहे.

शार्पशूटरचा ताण मुख्यतः कमरेवर येतो. पायांत पाय घालून गड्याला पालथा करायचा आणि मागे रेलत बसायचं. म्हणून ब्रेट एरवी त्याआधी बॅकब्रेकर वगैरे कमरेचे डाव लावून ठेवत असे. इथे त्याने पाय आणि रक्त दोन्ही साठवलं. ऑस्टिन वायरने गळा आवळत असताना ब्रेटच्या हाती घंटा लागते, ती डोक्यात बसते, आणि मग शार्पशूटर. ऑस्टिन एकदा हातांवर जोर देऊन वर येतो, ब्रेटची पकड जवळजवळ सुटते, पण तो पुन्हा बसतो. ऑस्टिन हार मानत नाही, बेशुद्ध पडतो, शॅमरॉक लढत थांबवतो. त्यानंतर ब्रेट बेशुद्ध माणसाच्या पायाला पुन्हा लाथा घालतो आणि प्रेक्षक उलटतात. हिरो आणि व्हिलन एकाच लढतीत जागा बदलतात. असं करायचा प्रयत्न अनेकांनी केला आहे, पण एवढं स्वच्छ दुसरीकडे जमलेलं मी पाहिलेलं नाही. मदत नाकारून ऑस्टिन एकटा लंगडत बाहेर जातो, तोपर्यंत व्हिडिओ बंद करू नका.

बघताना दोन-तीन गोष्टी कामाच्या. वेळ स्वतः मोजा, सुरुवातीच्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत. छापलेल्या वेळांत प्रवेश किंवा नंतरची मारामारी मिसळलेली असते. जुन्या कॅसेटवरून आलेल्या प्रतींत मधली मिनिटं कापलेली असतात, आणि कात्री बहुतेकदा याच हात-पाय पिरगाळण्याच्या संथ भागाला लागते. मग पाय अचानक लंगडू लागतो आणि दोष कुस्तीगिराच्या माथी जातो. एकदा आवाज बंद करून बघा. समालोचक चांगला असला की तो गडी विसरलेला गुडघा आठवण करून देऊन झाकून नेतो. जिम रॉस यात वाकबगार होता. आवाज नसेल तर जे दिसतं तेच दिसतं. आणि नॅशव्हिलची लढत बघणार असाल तर हस्तांदोलनापाशी थांबू नका. परीक्षकांतला टेरी फंक उठून रिंगमध्ये येतो, फ्लेअरला आव्हान देतो, फ्लेअर ते टाळतो, आणि मग फंक त्याला टेबलावर पाइलड्रायव्हर देतो, म्हणजे उलटा धरून डोक्यावर आपटतो. पुढच्या सगळ्या उन्हाळ्याची भांडणं फ्लेअरच्या त्या मानेवरच चालली.