टेलिफोटो, ट्रायपॉड आणि दादरची पिशवी

ट्रायपॉड कोणता घेऊ असं बरेच जण विचारतात, म्हणून आधी गेल्या डिसेंबरातली हतनूर धरणावरची सकाळ सांगतो. अमळनेरहून पहाटे साडेतीनला गाडी काढली, उजाडायच्या आत चांगदेवकडच्या बॅकवॉटरला पोचलो, समोर चक्रवाकांचा मोठा थवा, पाण्यावर नुकतं ऊन आलेलं, पक्षी एकदम निवांत. १५०-६०० मिलिमीटरची टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्स, खाली ट्रायपॉड, आणि ट्रायपॉड आहे ना मग काय, असं म्हणून शटर १/१६० सेकंदाला ठेवून तीन तास फोटो काढले. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले तर एकाही पक्ष्याच्या डोळ्यात धार नाही. फोकस चुकला म्हणावं तर पुढचं गवतही तसंच आणि मागचं पाणीही तसंच, प्रत्येक कडेला एक बारीक दुसरी कडा. म्हणजे फोकस बरोबर होता, कॅमेराच हलत होता.

हा हिशोब एकदा करून बघा. लेन्सचं तोंड कॉलरपासून, म्हणजे लेन्स ट्रायपॉडवर बसवायच्या कड्यापासून, साधारण एक फूट पुढे असतं. ते तोंड नुसतं १ मिलिमीटर खाली-वर झालं तर १०० मीटरवर ती नजर ३३ सेंटीमीटर सरकते, म्हणजे अर्धा चक्रवाक. हातात धरून काढताना शटर फोकल लेंथच्या वर ठेवा, म्हणजे ६०० मिलिमीटरला १/६०० पेक्षा जलद, म्हणतात ते यासाठीच, आणि क्रॉप, म्हणजे लहान सेन्सर असेल तर ६०० चे ९०० धरून १/१००० च्या आसपास. तेवढा उजेड पहाटे नसतो आणि पक्षी तर पहाटेच असतात.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर तोच ट्रायपॉड लावला, लांबच्या पाण्याच्या टाकीवरच्या अक्षरांवर लेन्स रोखली, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवरचं चालू चित्र, दहापट मोठा केला आणि लेन्सला एका बोटाने हलकी टिचकी मारली. अक्षरं थरथरायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच मोजलं तेव्हा कुठे थांबली. मग मधला दांडा, जो मी उंचीसाठी वर काढला होता, तो पूर्ण खाली केला आणि परत टिचकी मारली, तर दोनातच शांत. खालच्या बारीक नळ्याही आत घेतल्या, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला, तर मोजायलाच मिळेना. हे सगळं एकाच ट्रायपॉडवर. तुमच्याकडे जो आहे त्यावर आधी हे करून बघा, नवा घ्यायचा विचार नंतर.

घ्यायचाच असेल तर माझं मत असं की पैसे पायात घाला. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी एकटी १.९३ किलोची, बॉडी धरली की पावणेतीनपर्यंत जातं, आणि ट्रायपॉडच्या डब्यावर ५ किलो लिहिलेलं असतं म्हणून लोक खूश होतात. तो आकडा मोडणार नाही एवढंच सांगतो, हलणार नाही असं नाही. मी पायाच्या सगळ्यात वरच्या नळीची जाडी बघतो, २८ मिलिमीटरच्या खाली नको, ३२ असेल तर उत्तम, आणि चारापेक्षा तीन भागांचे पाय चांगले कारण शेवटची नळी जाड राहते. मधला दांडा नसलाच तर फार बरं. कार्बन फायबर हलका, थरथर लवकर जिरवतो, पण महाग. गाडीतून उतरून पन्नास पावलं जायचं असेल तर जड ॲल्युमिनियम घ्या, अगदी बिनधास्त.

हेड म्हणजे पायांच्या वर कॅमेरा-लेन्स बसवायचा भाग. त्यात गोळ्यावर फिरणारं बॉल हेड मोठ्या लेन्सला मला पटत नाही, लॉक जरा ढिला केला की लेन्स धाडकन मान टाकते. गिंबल घ्या, ते लेन्स झोपाळ्यासारखी तोलून धरतं. दोन्ही नॉब ढिले करायचे आणि लेन्सचा पाय प्लेटवर मागे-पुढे सरकवत राहायचं, जिथे सोडाल तिथे लेन्स थांबली की बॅलन्स झाला. झूम बाहेर येणारी लेन्स असेल तर हे ६०० ला करा, कारण लांब केल्यावर तोंड जड होतं. लेन्समधला थरथर कमी करणारा स्टॅबिलायझर मी हेड घट्ट केलं की बंद ठेवतो, गिंबल मोकळा फिरवताना चालू.

वारा असला तर बॅग हुकला लटकवतात, पण ती झुलली तर उलट त्रास, बुड जमिनीला टेकलं पाहिजे. आणि आपली काळी माती! धरणाकाठी ओलसर असते, अर्ध्या तासात एक पाय रुततो आणि कळतही नाही. मी फरशीचे तीन तुकडे गाडीतच ठेवतो. वाळूत गेलात तर घरी आल्यावर पायांची लॉकं उघडून धुवा, वाळूचा एक कण गेला तरी नळी करकरते.

आता पिशवी. गाडीच्या खिडकीत, शेताच्या बांधावर, पाटाच्या कठड्यावर मी आता ट्रायपॉड काढतच नाही, जाड कापडाची पिशवी टेकवतो. आधी सरकी भरून बघितली, ती फार हलकी, दाबली की तशीच फुगून वर येते. मग दादर, म्हणजे आपल्याकडची रब्बी ज्वारी, भरली. गोल दाणे लेन्सखाली सरकतात आणि खोबण करून बसतात, लेन्स त्यात रुतल्यासारखी राहते, टिचकी मारून बघा. आई म्हणाली, "खावानी दादर पिशवीमा काब्र भरी राह्यना?" पण मग तिनेच जुन्या जीन्सची दुहेरी शिवण घालून पिशवी शिवून दिली आणि किडे होऊ नयेत म्हणून आत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकला. पाऊण भरा, गच्च भरली तर लेन्स वरून घसरते. आणि गाडीचं इंजिन बंद करा, नाहीतर सगळी थरथर पिशवीतून वर येते.

एकच गोष्ट कशानेच सुटत नाही, ती म्हणजे झळ. हिवाळ्यातसुद्धा दहा-साडेदहानंतर पाण्यावरची हवा लहरायला लागते, लांबचा पक्षी विरघळल्यासारखा दिसतो, तेव्हा जवळचे पक्षी बघा नाहीतर घरी या. एप्रिल-मेमध्ये तर आपल्याकडे आठलाच.

पुढच्या महिन्यात तोरणमाळला जायचंय, रानपिंगळ्यासाठी. १९९७ साली शहाद्याजवळच तो परत सापडला, त्याआधी कित्येक दशकं संपला असंच धरलं होतं लोकांनी. दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो, पण चढ-उतार खूप म्हणून तिकडे एका पायाचा मोनोपॉड नेणार. पिशवी गाडीत असेलच, दादर नवी भरलीय.