तिसरी चावी

चावीचं काम म्हणजे पत्रा कापणं, असं अजूनही बऱ्याच लोकांना वाटतं. मोपेडची चावी जशी उभ्या-उभ्या करून मिळते, तशीच गाडीची मिळावी आणि त्याच भावात, अशी अपेक्षा असते. इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत नुसत्या कापलेल्या चावीनं दार उघडतं, इग्निशन फिरतं, पण इंजिन धरत नाही. चावीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी चिप असते, तिला सेल नसतो. इग्निशनच्या तोंडाशी तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळलेली असते. त्या कॉइलमधून १२५ किलोहर्ट्झवर चिपला वीज मिळते आणि त्याच वाटेनं चिप आपलं उत्तर देते. ते पटलं तरच ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंधन सोडतो. रिमोटची बटणं हा वेगळा कारभार, तो ४३३ मेगाहर्ट्झवर चालतो आणि सेल लागतो तो त्याला. अशा गाडीला ‘सेल बदला, चालू होईल’ असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारे मेकॅनिक मी पाहिलेत आणि त्यांचा मला राग येतो.

फोन आला तो नरसोबाच्या वाडीहून. जुनी आय-२०, डिझेल. वडिलांच्या अस्थी संगमावर सोडायला मुलगा पाण्यात उतरला आणि खिशातली चावी गेली. बाकीचे नातेवाईक दुसऱ्या गाडीनं पुढं गेले होते, मागं हा आणि त्याची आई. शोरूमला फोन केला तर उत्तर मिळालं की गाडी टो करून आणा, कागद द्या, चावी मागवावी लागेल, आठ दिवस धरून चाला. घाटावर अडकलेल्या माणसाला हे असं सांगायचं कसं काय जमतं, मला कळत नाही. सांगलीहून वाडी काही लांब नाही. मी व्हॅन काढली.

आमच्या धंद्याला परवाना नाही. प्रोग्रॅमर, म्हणजे गाडीला नव्या चावीची ओळख करून देणारं मशिन, ऑनलाइन विकत मिळतो, कुणीही घ्यावा आणि दुकान थाटावं. त्यामुळं समोरचा माणूस गाडीचा मालक आहे का, हे तपासायचं काम आमच्याच गळ्यात पडतं, आणि कसं तपासायचं हे कुठं लिहिलेलं नाही. माझा नियम साधा आहे: आधी आरसी आणि आधार, मग पोलिसांत हरवल्याची नोंद, मग मशिनला हात. इथं आरसी डॅशच्या कप्प्यात होती आणि गाडी बंद. विधी सांगणारे गुरुजी अजून तिथंच होते. ही मंडळी सकाळी याच गाडीतून उतरली, असं त्यांनी सांगितलं. त्यांना शेजारी उभं करून मी दार उघडलं.

दार उघडायला आणि खाचा मोजायला लिशी लागते. चावीच्या पात्यासारखं पातं आणि त्यावर आकड्यांची जाळी कोरलेली. कुलपात एक बारीक ताण ठेवायचा आणि दुसऱ्या काट्यानं आतला एकेक पत्रा चाचपायचा. जो पत्रा अडून बसलाय तो बोटाला कडक लागतो, बसलेला पत्रा हलका डुगडुगतो. सगळे बसले की कुलूप फिरतं. मग उलट प्रवास: काटा प्रत्येक पत्र्यावर टेकवून जाळीवरचा आकडा वाचायचा, एक, तीन, दोन, चार, असा. हे डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनीच कळतं, आणि घाई केली की एखादा तीनचा चार होतो. बऱ्याच गाड्यांत दाराच्या कुलपात सगळे पत्रे नसतात, उरलेले इग्निशनवर शोधावे लागतात. आकडे मी वहीत लिहितो, गाडीच्या नंबरासकट. मुलांना शिकवताना मी आधी लिशीच हातात देतो, स्कॅनर सगळ्यात शेवटी.

आरसी वडिलांच्या नावावर. मावशींच्या, म्हणजे मुलाच्या आईच्या, पिशवीत दवाखान्याचा कागद होता, त्यांच्या आधारवर नवऱ्याचं नाव होतं. मुलानं मोबाईलवरूनच पोलिसांकडं नोंद केली. मालक वारला की ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, हेही मी त्याला सांगितलं. सहसा कुणी सांगत नाही.

व्हॅनमधल्या मशिनवर दोन पाती कापली. स्कॅनर लावायच्या आधी बॅटरी बघितली. ती १२ व्होल्टच्या खाली होती, म्हणून माझी बॅटरी जोडली. चावी शिकवताना, म्हणजे तिच्या चिपची गाडीला ओळख करून देताना, मध्येच व्होल्टेज पडलं तर गाडी क्रेनवर जाते. या गाड्यांना सहा आकडी पिन लागतो. पिन तीनदा चुकला तर ईसीएम तासभर कुणाचं ऐकत नाही. व्हिडिओ बघून अंदाजे आकडे मारणाऱ्या पोरांमुळं अशा रुसलेल्या गाड्या माझ्याकडं येत असतात.

पिन टाकण्याआधी मी नेहमी डेटा उघडून बघतो. पडद्यावर होतं: शिकवलेल्या चाव्या, तीन.

नवी गाडी घेताना दोन मिळतात. मी विचारलं, “तिसरी कुणाकडं आहे?”

मुलगा म्हणाला, “दोनच आहेत. एक नदीत गेली, एक बाबांकडं असायची, ती सापडत नाही.”

मावशी बोनेटला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, “थोरल्याकडं आहे. यांनीच करून दिली होती. तुला सांगू नको म्हणाले होते.”

मुलगा काही बोलला नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाला, “जुन्या सगळ्या पुसून टाका.”

तसं त्याचं म्हणणं योग्यच होतं. चिप पाण्यानं मरत नाही, आणि संगमावर पैसे शोधायला पोरं बुडी मारतात. कुणाच्या हाती ती चावी लागली तर? शिवाय गाडी चोरीला गेली की विमा कंपनी सगळ्या चाव्या मागते, मग एक कमी पडली की क्लेम अडकतो. आणि या सिस्टीममध्ये मला निवड करताच येत नाही. चार चाव्यांपर्यंत जागा असते, पण शिकवणं सुरू केलं की आधीच्या सगळ्या पुसल्या जातात. जी चावी त्या क्षणी तिथं हजर, तीच राहते.

मी मावशींना तसंच सांगितलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे त्याची बंद पडंल?”

“होय मावशी. ती आत्ता इथं असती तर राहिली असती. आणि ती इथं असती तर मला काही करावंच लागलं नसतं, त्याच चावीनं गाडी घरी गेली असती. फोन करून बघता का?”

त्यांनी मुलाकडं बघितलं. मुलगा नदीकडं बघत होता. मावशी म्हणाल्या, “करा तुम्ही. अंधार पडायच्या आत घरी पोचूदे.”

दोन्ही चाव्या शिकवल्या, इंजिन धरलं, पडद्यावर दोन आलं. मी एक चावी मुलाला दिली आणि एक मुद्दाम मावशींच्या हातात.

काही आठवड्यांनी दुकानात एक माणूस आला. आय-२० ची चावी, बाजारातल्या कव्हरची. म्हणाला, “दार उघडतं, पण गाडी चालू होत नाही. चिप गेली का बघा.” मी टेस्टरवर धरली. चिप ठणठणीत होती. पात्याच्या खाचा बघितल्या आणि वही काढली. आकडे तेच होते.

गाडी कुणाची म्हणून विचारलं, तर वडिलांची म्हणाला. तेराव्याला घरी गेला होता, आईला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून गाडी काढायला गेला. घरच्यांसमोर चावी फिरवली आणि इंजिन धरलं नाही. आई तेव्हा काही बोलली नाही, असंही त्यानं सांगितलं.

त्याला किती सांगायचं? दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम मी कुणाला सांगत नाही. पण तोही वारसच, त्या गाडीवर त्याचाही हक्क आहे, आणि चावी त्याला वडिलांनी दिलेली. गाडीच्या सिस्टीमला यातलं काही माहीत नसतं. मी एवढंच म्हणालो, “गाडीत नव्या चाव्या भरल्यात, म्हणून ही बाहेर पडली. एकटी परत भरता येत नाही, ही भरायला गेलो तर त्या दोन्ही पुसल्या जातील. गाडी आणि तिन्ही चाव्या एकाच वेळी समोर आणा. पैसे घेणार नाही.”

“तिन्ही?” त्यानं विचारलं. मी होय म्हटलं. चावी खिशात टाकून “बघतो” म्हणाला आणि गेला.

पोलिसांकडं आमची नोंद असावी, किती चाव्या शिकवल्या आणि पुसल्या याचा कागद गिऱ्हाइकाला सक्तीनं मिळावा, असं मी आमच्या लोकांत बोलत असतो. मी तो स्वतःहून देतो, मावशींनाही दिला. पण अशा कागदावर थोरल्याचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

परवा धाकट्याचा फोन आला, रिमोटचं लॉकचं बटण नीट चालत नाही. मी म्हटलं, गाडी घेऊन ये, दोन्ही चाव्या आण, आणि मावशींनाही घेऊन ये. भाऊ येऊन गेल्याचं अजून त्याला सांगितलेलं नाही. मावशी आल्या की आधी त्यांना विचारीन.